मास्कमध्ये पाणी शिरतं कुठून?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पावसाळा सरून मालवण-तारकर्लीचा समुद्र निवळला, की स्नॉर्केलिंगची, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी (स्नॉर्केल) लावून पाण्यावर तरंगत खालचं बघण्याची, चौकशी सुरू होते. या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे, मास्कमध्ये पाणी येतं. म्हणून हे पान पूर्णपणे मास्कलाच दिलं आहे. काचेभोवतीचा जो मऊ सिलिकॉनचा भाग चेहऱ्यावर टेकतो, त्याला दुकानात स्कर्ट म्हणतात. आपण इथे त्याला झालर म्हणू. नाक झाकणारा फुगीर भाग म्हणजे नाकाचा कप्पा.

दुकानदार म्हणाला, "नाकाने श्वास ओढा, चिकटला की झालं." मास्क चिकटला, म्हणून घेतला. तारकर्लीला दहा मिनिटांत डोळ्यांपर्यंत पाणी. मग तपासायचं तरी काय? (पुणे)

श्वास ओढायची चाचणी चुकीची नाही, पण ती शेवटची आहे आणि ती हलक्या श्वासाने करायची असते. नाकाने जोर लावला की जवळजवळ कुठलाही मास्क चिकटतो. आतली हवा कमी होते, बाहेरच्या हवेचा दाब झालरीला चेहऱ्यावर रेटतो आणि फट असेल तिथेही सिलिकॉन तेवढ्यापुरतं दबतं. समुद्रात तुम्ही तोंडाने श्वास घेता, नाकाने काही ओढत नाही. ती ओढ संपली की दबलेली फट पुन्हा उघडते.

म्हणून सुरुवात ओढण्याने न करता नुसतं टेकवून करा. पट्टा मागे न ठेवता उलटून काचेवरून पुढे घ्या, म्हणजे तो मध्ये येणार नाही. कपाळावरचे आणि कानशिलावरचे केस मागे सारा. मान मागे टाकून छताकडे बघा आणि मास्क चेहऱ्यावर नुसता ठेवा. दाबायचा नाही, त्याच्या वजनावर सोडून द्यायचा. आता सोबतच्या माणसाला झालरीची कड चारही बाजूंनी जवळून बघायला सांगा. तीन जागा विशेष बघायच्या: कानशिलं, डोळ्यांखालचं हाड आणि नाकपुडीच्या बाजूने ओठाच्या कोपऱ्याकडे उतरणारी घडी. कड सगळीकडे टेकली पाहिजे. कुठे मिलिमीटरभर अंतर असेल तर पट्ट्याच्या हलक्या दाबाने ते मिटतं. पेन्सिलीचं टोक आत जाईल एवढी फट असेल तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याचा नाही, कितीही भारी असो.

हे जमलं तर मान सरळ करा, मास्क हाताने धरा आणि मोगऱ्याचा वास घ्यावा इतकाच हलका श्वास नाकाने आत घ्या. श्वास रोखा, हात सोडा, पाचपर्यंत मोजा. मोजताना खाली जमिनीकडेही बघा. मास्क जागचा हलता कामा नये. तो हळूहळू घसरत असेल किंवा बारीक 'सूं' ऐकू येत असेल, तर हवा कुठून शिरते ते बोटाने चाचपून शोधा. पाणीही तिथूनच येणार आहे.

यापुढची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि पाणी येण्याचं कारण अनेकदा तीच असते. स्नॉर्केलचा तोंडात धरायचा भाग तोंडात घेऊन हीच चाचणी पुन्हा करा. तो दातांत धरला की जबडा थोडा उघडतो, गाल खाली ओढले जातात, वरचा ओठ पुढे येतो आणि नाकाखालची कातडी ताणली जाते. तोंड मिटून घट्ट बसलेली झालर नेमकी या वेळी नाकपुडीच्या खालच्या कोपऱ्यात सुटते. स्वतःचा स्नॉर्केल असेल तर दुकानात घेऊन जा. नसेल तर ओठांचा 'ऊ' करून बघा. फरक तेवढ्यानेही कळतो.

शेवटी पट्टा लावून मास्क दहा मिनिटं तसाच घालून ठेवा. नाकाचा बांधा आतून चौकटीच्या कडक भागाला टेकतो का? भुवयांच्या मध्ये टोचतं का? दुकानात जो नुसता स्पर्श वाटतो, तो पाण्यात अर्ध्या तासाने ठणका होतो, कारण पाण्याचा दाब मास्कला सतत आत ढकलत असतो. कप्प्यावरून दोन बोटांनी नाक चिमटीत धरता येतं की नाही, हेही याच वेळी पाहा. पाण्याखाली डुबकी मारायची असेल तर कानांतला दाब सारखा करायला ते लागतं.

चपलेसारखे नंबर मास्कला नसतात. रुंद गाल, बसकं नाक, अरुंद कपाळ, खोल डोळे, प्रत्येकासाठी साचा वेगळा. चार-पाच मास्क लावून बघितल्याशिवाय घेऊ नका. ऑनलाइन मागवायचाच असेल तर परत घेण्याची अट आधी वाचा, आणि वरची सगळी चाचणी घरी कोरड्या चेहऱ्यावर, मास्क न धुता, लेबल न काढता करा.

पट्टा घट्ट केला तरी पाणी थांबत नाही. उलट डोकं दुखतं आणि चेहऱ्यावर वळ उठतात. (नाशिक)

पट्टा सैल करा. पाणी बहुधा कमी होईल.

पट्ट्याचं काम मास्क जागेवर ठेवणं एवढंच आहे. पाणी अडवते ती झालर, आणि तिला दाबून धरतो बाहेरच्या पाण्याचाच दाब. झालरीची कड पातळ आणि आतल्या बाजूला वळलेली असते. ती कातडीवर सपाट पसरली तरच अडसर तयार होतो. पट्टा आवळला की कड दुमडते, कानशिलाजवळ तिला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून पाण्याला वाट मिळते. आणखी आवळलं की सुरकुती आणखी खोल जाते.

किती सैल? मास्क लावून काच दोन बोटांनी पुढे ओढा. ती सहज सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर पुढे आली पाहिजे. पट्ट्याची जागाही तपासा. मागचा रुंद भाग डोक्याच्या सर्वांत फुगीर जागी, कानांच्या थोडा वर बसतो. तो मानेकडे उतरला तर मास्कची खालची बाजू ओठावर दाबली जाते आणि कपाळाकडची कड उचलली जाते. फार वर चढला तर उलट होतं, नाकाखालून पाणी येतं. मागे पट्ट्याच्या दोन वाद्या असतील तर त्या एकमेकींवर न ठेवता फाकवून बसवा. दोन्ही बकलांमधली लांबी सारखी आहे ना, तेही मोजा. एका बाजूला दोन खाचा जास्त ओढल्या गेल्या असतील तर मास्क तिरका बसतो आणि एकाच डोळ्याखाली पाणी साचतं.

मिशा आहेत. काढायची तयारी नाही. काही उपाय? (कोल्हापूर)

मिशी पूर्ण काढायची गरज नाही. झालरीची खालची कड नाकाच्या अगदी खाली, मिशीच्या वरच्या काठावर टेकते. तिथले केस सिलिकॉनला कातडीपर्यंत पोहोचू देत नाहीत, आणि प्रत्येक केसाच्या दोन्ही बाजूंनी पाण्याला वाट मिळते. म्हणून नाकाच्या लगत 4 ते 5 मिलिमीटरची पट्टी नाकाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वस्तऱ्याने साफ करा. खालची मिशी राहते, आकडाही राहतो. आरशासमोर मास्क लावून कड कुठे टेकते तिथे आधी खूण करून घ्या, म्हणजे नको तेवढी जाणार नाही. दोन दिवसांचे खुंट मात्र लांब केसांपेक्षा जास्त त्रास देतात. ते ताठ असतात आणि सिलिकॉनला वर उचलतात. ही पट्टी त्याच दिवशी सकाळी साफ करा.

मिशीला व्हॅसलिन फासायचा सल्ला सर्रास दिला जातो. थोडा वेळ उपयोग होतो, पण ते काचेला लागलं की निघता निघत नाही, आणि जुन्या रबराच्या झालरी-पट्ट्यांना ते खराब करतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस, तेही मुगाएवढं.

दाढीची चिंता नको. साध्या मास्कची झालर हनुवटीपर्यंत जातच नाही.

लांब केस, टिकली, नाकात चमकी. यातलं काय काढायचं? (सांगली)

चमकी काढा. नाकाच्या कप्प्याची भिंत नाकपुडीला लागून असते. चमकीचा खडा सिलिकॉनला आतून घासतो आणि पाण्याच्या दाबाने नाकपुडीत रुततो. मोरणी किंवा नथ तर काढायलाच हवी. बारीक, सपाट चमकी काहींना चालून जाते, पण नाक चिमटीत धरलं की तीही टोचते.

टिकली भुवयांच्या मध्ये असेल तर ती बहुधा झालरीच्या आत येते आणि अडत नाही. कपाळावर जरा वर लावायची सवय असेल तर ती नेमकी कडेखाली येते. टिकलीची जाडी कागदाएवढी वाटते, पण तिच्या काठाशी सिलिकॉन उचललं जातं आणि तेवढी फट पुरते. ओलं कुंकू वितळून डोळ्यांत उतरतं, ते पुसूनच पाण्यात जा.

केसांचं म्हणाल तर खरा शत्रू लांब केस नाहीत, कपाळावरच्या बटा आहेत. झालरीखाली आलेला एक केस नळीसारखं काम करतो. त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी थेंबाथेंबाने आत झिरपतं. मास्क चढवल्यावर कड बोटाने गोल फिरवून चाचपा, खास करून कानशिलाजवळ. केसांची वेणी घाला आणि ती मानेलगत खाली राहू द्या. अंबाडा वर बांधला तर पट्टा त्याच्यावरून घसरतो. डोक्याला तेल चोपडून आलात तर पट्टा अजिबात टिकत नाही, म्हणून त्या दिवशी तेल नको. पट्ट्यावर चढवायची कापडी खोळ मिळते. तिने केस ओढले जाणं थांबतं आणि पट्टा घसरतही नाही.

सनस्क्रीनचीही हीच गत. कपाळाला आणि गालाला लावलेलं क्रीम झालरीखाली गेलं की ती घसरते, आणि पाण्याबरोबर डोळ्यांत गेलं तर अर्धा तास डोळे उघडता येत नाहीत. मास्कखाली झाकला जाणारा चेहरा कोरडा ठेवा. क्रीम मान, कान आणि पाठीला लावा. त्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घालून उतरलात तर उत्तमच, कारण स्नॉर्केलिंगमध्ये खरी भाजते ती पाठ.

चष्म्याचा नंबर उजवा −3.25, डावा −4.50 आणि डाव्याला −1.00 सिलिंडर (दृष्टिवैषम्याचा नंबर). चष्म्यावरून मास्क बसेल का? की लेन्स घालून उतरू? (ठाणे)

चष्म्यावरून बसत नाही. कानाकडे जाणारी दांडी झालरीखालून जाते आणि तिथे कायमची फट राहते. दांड्या काढून चष्म्याची नुसती चौकट आत अडकवण्याचे घरगुती प्रयोगही करू नका. ती सुटून डोळ्याला लागू शकते.

कॉन्टॅक्ट लेन्सचा धोका वेगळा आहे. पाणी शिरलं आणि डोळे उघडे राहिले तर लेन्स वाहून जाते. त्याहून गंभीर म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव लेन्स आणि बुबुळाच्या मध्ये अडकतात आणि बुबुळाला जखम होऊ शकते. म्हणून नेत्रतज्ज्ञ पाण्यात लेन्स घालू नका असंच सांगतात. तरीही घालायच्या ठरवल्याच तर एकदाच वापरायच्या, रोज फेकायच्या घ्या, आणि बाहेर आल्यावर लगेच काढून टाका.

सर्वांत चांगला मार्ग म्हणजे दोन वेगळ्या काचांचा मास्क आणि त्यात बसणाऱ्या नंबरच्या तयार काचा. एकसंध काचेच्या मास्कमध्ये त्या बसत नाहीत. या काचा अर्ध्या-अर्ध्या नंबरच्या अंतराने मिळतात आणि प्रत्येक डोळ्यासाठी वेगळी घेता येते. त्यांत सिलिंडर नसतो. तेव्हा सिलिंडरचा निम्मा आकडा मुख्य नंबरात मिळवायचा. तुमचा डावा डोळा: −4.50 आणि −0.50, मिळून −5.00. उजवा −3.25 हा −3.00 आणि −3.50 यांच्या मध्ये येतो. तिथे कमी नंबर, म्हणजे −3.00 घ्या.

कमी का, तर पाण्यात वस्तू खऱ्या अंतराच्या साधारण तीन-चतुर्थांश अंतरावर दिसतात. पाण्यातून सपाट काचेमागच्या हवेत शिरताना किरण वाकतात म्हणून मासे जवळ आणि सुमारे एक-तृतीयांश मोठे भासतात. अर्धा नंबर जरी कमी पडला, तरी डोळ्याला 2 मीटरपर्यंतचं स्पष्ट दिसतं, आणि पाण्यात तेवढ्या अंतरावर 'दिसणारा' मासा प्रत्यक्षात अडीच मीटरच्याही पलीकडे असतो. स्नॉर्केलिंगमध्ये त्याहून दूरचं पाहायला पाणीच तेवढं नितळ असावं लागतं. तुमची तूट तर पाव नंबराचीच आहे.

सिलिंडर दीडच्या वर असेल किंवा दोन डोळ्यांत मोठा फरक असेल, तर तयार काचांनी डोळे ताणले जातात. अशा वेळी मास्कच्या काचेला आतून चिकटवलेल्या, खास घडवलेल्या काचा लागतात. चष्मेवाल्याकडे नंबरबरोबर दोन बाहुल्यांमधलं अंतरही मोजून घ्या.

एक सांभाळा: आधी चेहऱ्याला बसणारा मास्क निवडा, मग त्यात काचा मिळतात का ते बघा. नंबर मिळतो म्हणून न बसणारा मास्क घेतला तर पाण्यात मिटलेल्या डोळ्यांना नंबरचा काय उपयोग?

नवा कोरा मास्क, पण पाच मिनिटांत धुकं. थुंकी लावली, तरी तेच. (मुंबई)

नवा आहे म्हणूनच. कारखान्यात सिलिकॉन साच्यात घडवताना काचेच्या आतल्या बाजूवर एक अदृश्य तेलकट थर बसतो. तो आहे तोवर थुंकी टिकत नाही आणि वाफेचे बारीक थेंब काचेला चिकटून राहतात.

पांढरी, जेल नसलेली टूथपेस्ट घ्या, हरभऱ्याएवढी. कोरड्या काचेच्या आतल्या बाजूवर बोटाने गोल गोल दोन-तीन मिनिटं चोळा. कोपरे सोडू नका, धुकं तिथूनच सुरू होतं. धुवा, पुसा, आणि असं तीन वेळा करा. मग काचेवर तोंडाने हा मारून बघा. वाफ डाग-डाग धरून राहिली तर अजून थर आहे. एकसारखी येऊन लगेच निघून गेली तर काच साफ झाली. लायटरच्या ज्योतीने थर जाळायची पद्धतही चालते, पण त्यात झालर करपण्याची किंवा काच तडकण्याची जोखीम असते, आणि चिकटवलेल्या नंबरच्या काचा, लेप दिलेल्या काचा किंवा प्लास्टिकच्या काचा असतील तर ती करायचीच नाही. लेप असेल तर टूथपेस्टही नको, तो खरवडला जातो.

दर वेळी पाण्यात उतरण्याआधी कोरड्या काचेवर थुंकी किंवा बेबी शॅम्पूचा एक थेंब बोटाने पसरवा आणि समुद्राच्या पाण्याने फक्त एकदा हलकं विसळा. खळखळून धुतलंत तर लावलेलं सगळं गेलं. चेहराही पाण्याने गार करून घ्या, कारण धुकं म्हणजे गरम कातडीची आणि नाकातल्या श्वासाची वाफ, थंड काचेवर बसलेली. मास्क लावून होडीत उन्हात बसून राहू नका. आणि नाकाने श्वास सोडायची सवय असेल तर कोणताही मास्क धुकणारच.

पूर्ण चेहरा झाकणारा मास्क घ्यावा का? नाकाने श्वास घेता येतो, म्हणून आईसाठी सोपा वाटतो. (संभाजीनगर)

आम्ही तो सुचवणार नाही.

सोय खरी आहे, पण धोका श्वासात आहे. आपण शांतपणे एका श्वासात साधारण अर्धा लीटर हवा घेतो. सोडलेला श्वास आत घेतल्या जाणाऱ्या हवेत मिसळू नये म्हणून या मास्कमध्ये झडपा आणि नाक-तोंडाभोवती आतला एक वेगळा मास्क असतो. तो आतला भाग चेहऱ्याला बसला नाही, किंवा झडपेत वाळूचा कण अडकला, तर वापरलेली हवा पुन्हा पुन्हा आत जाते. कार्बन डायऑक्साइड वाढतो. डोकं जड होतं, धाप लागते, भोवळ येते. दमलेला माणूस जोरात श्वास घेऊ लागला की हे आणखी वेगाने होतं. साध्या स्नॉर्केलमध्ये घाबरल्यावर तोंडातला भाग थुंकून टाकता येतो. इथे चार ठिकाणी बांधलेला मास्क आधी काढावा लागतो. त्यात नाक चिमटीत धरता येत नाही, म्हणून खाली डुबकीही मारता येत नाही. आणि बसण्याचा प्रश्न दुप्पट होतो, कारण बाहेरची झालर हनुवटीखालून फिरते आणि आतलीही वेगळी बसावी लागते.

आईंना तोंडाने श्वास घ्यायची सवय व्हावी यासाठी निघण्याआधी आठवडाभर रोज पाच मिनिटं घरी मास्क आणि स्नॉर्केल लावून बसायला सांगा. मग बादलीत किंवा टबात चेहरा बुडवून. तोंडाने श्वासाची भीती बहुतेकांची अशाने जाते. वय किंवा हृदयाचा, दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच उतरावं, मास्क कोणताही असो.

आठ वर्षांच्या मुलीसाठी मास्क. मोठ्यांचाच छोटा करून चालेल? (बेळगाव)

नाही. पट्टा छोटा होतो, झालरीची रुंदी होत नाही. मोठ्यांच्या मास्कची खालची कड मुलीच्या वरच्या ओठावर किंवा तोंडावर येते. मुलांचा मास्क घ्या, पण खेळण्यांच्या दुकानातला नको. त्यांत झालर पीव्हीसीची असते. तिला प्लास्टिकचा उग्र वास येतो, ती चकचकीत आणि ताठ असते, दुमडून सोडली तर लगेच मूळ आकारात येत नाही. सिलिकॉनला वास नसतो आणि ते लगेच परततं. काचेवर 'टेम्पर्ड' असं इंग्रजीत कोरलेलं बघा. अशी काच फुटलीच तर धारदार तुकडे न होता बारीक खडे होतात.

स्नॉर्केलही मुलांचाच, छोटा आणि अरुंद हवा. मोठ्यांच्या नळीत मुलांच्या छोट्या श्वासाच्या मानाने फार हवा मावते आणि सोडलेली हवाच परत आत जाते. पोहण्याचा गॉगल मात्र देऊ नका. त्यात नाक बाहेर राहतं, त्यामुळे खाली गेल्यावर आतल्या हवेचा दाब बाहेरच्या इतका करता येत नाही. 3 मीटरवर मास्कमधली हवा जवळपास पाव भागाने आक्रसते. मास्कमध्ये नाकातून थोडी हवा सोडली की हिशेब बरोबर होतो. गॉगलमध्ये तसं करता येत नाही, आणि डोळे लाल होतात.

मालवणला किंवा अंदमानात भाड्याने मिळतो तोच वापरणार. होडीत पाच मिनिटंच असतात. (जळगाव)

पाच मिनिटं पुरतात. झालर बोटांनी उलटून पूर्ण कड फिरवून बघा. चिरलेली किंवा कायमची दुमडलेली असेल तर दुसरा मागा. बकल दोन्हीकडे अडकतात का? नाकाच्या कप्प्याखाली पाणी काढायची झडप असेल तर तिची पातळ चकती उचलून खालची वाळू झटका, वाळूचा एक कण पुरतो. मग टेकवण्याची आणि हलक्या श्वासाची चाचणी करा. न बसल्यास होडीतच बदलून मागा, संकोच करू नका. पाण्यात उतरल्यावर बदल होत नाही. आतून साबणाने धुऊन घ्या. स्वतःचा तोंडात धरायचा भाग जवळ असेल तर फारच छान.

काळी झालर चांगली की पारदर्शक? (नागपूर)

बसते ती. दोन्ही बसत असतील तर पहिल्यांदा उतरणाऱ्याने पारदर्शक घ्यावी, बाजूने उजेड येतो आणि कोंडल्यासारखं वाटत नाही. फोटो काढणाऱ्यांना काळी बरी, काचेत चमक येत नाही. पारदर्शक सिलिकॉन काही वर्षांत पिवळं पडतं. दिसायला वाईट, कामात फरक नाही.

सगळं बरोबर असूनही थोडं पाणी येतंच. समुद्रात काय करायचं? (रत्नागिरी)

चमचाभर पाणी नाकाच्या कप्प्यात राहणं सामान्य आहे. हसलात किंवा भुवया उंचावल्या तरी तेवढं येतं. पृष्ठभागावर असाल तर डोकं वर काढा आणि मास्कची खालची कड अंगठ्याने किंचित उचला, पाणी निघून जातं. डोकं न काढता करायचं असेल तर तळव्याने मास्कची वरची बाजू कपाळावर दाबा, हनुवटी थोडी वर करा आणि नाकातून सावकाश, लांब हवा सोडा. हवा वर साठते आणि पाण्याला खालून बाहेर ढकलते. वरची बाजू दाबली नाही तर हवाच कपाळाकडून निसटते आणि पाणी तिथेच राहतं. हे कमरेएवढ्या पाण्यात दहा वेळा करून बघा, मगच होडीने बाहेर जा.

पाणी कुठून येतं यावरून दोष ओळखता येतो. कपाळाकडून आलं तर केस किंवा टोपीची कड. कानशिलाकडून आलं तर आवळलेला पट्टा, नाहीतर चेहऱ्यापेक्षा रुंद मास्क. नाकाखालून आलं तर मिशी, किंवा पट्टा फार वर. फक्त एका कोपऱ्यातून आलं तर हसताना उमटणारी घडी. या शेवटच्याला पट्ट्याने उपाय नाही, खालच्या बाजूला अरुंद असणारा दुसरा मास्क बघावा लागतो.

मागच्या वर्षी छान बसणारा मास्क या वर्षी गळतो. चेहरा बदलतो का? (सोलापूर)

वजन बरंच कमी-जास्त झालं तर गालांची भर बदलते, पण बहुतेक वेळा बदलतो तो मास्क. फिन्सखाली (पायात घालायच्या पोहण्याच्या पंखांखाली) दाबून बॅगेत ठेवलेली झालर वर्षभरात त्याच आकारात बसते. दुमडलेली कड कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून सपाट करून बघा. जुनी घडी मात्र परतत नाही. यापुढे गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, तो ज्या कडक डबीत आला त्याच डबीत ठेवा. काच खाली, झालर वर. ओला ठेवला तर काचेच्या खाचेत काळी बुरशी धरते. ती जुन्या टूथब्रशने आणि भांड्यांच्या साबणाने निघते. काळ्या रबराच्या वस्तूंशेजारी पारदर्शक मास्क ठेवू नका, काळे डाग कायमचे उतरतात. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतही नको. आणि पट्टा ओढून, वळवून बघा. त्यावर बारीक भेगा दिसल्या तर तो आताच बदला. सुटा पट्टा मिळतो आणि बसवायला दोन मिनिटं लागतात.